अक्काची सरळ रेघ

धुळ्याहून दाजींचा फोन आला तेव्हा मी जळगावला, मेहरूणच्या घरी कपडे वाळत घालत होते. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. ते एवढंच म्हणाले, "सुलू... गेली." आणि मी विचारलं, "कुठल्या डोळ्याची?" मग ते म्हणाले, "नजर नाही गं. तुझी अक्काच गेली." सकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आता काही आठवडे उलटले, तरी माझा तो प्रश्न माझ्याच कानातून जात नाही. आम्ही सगळे तिच्या डोळ्यांसाठी इतके धास्तावलेलो होतो, की मरण दुसऱ्या वाटेनं येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

अक्का घरांचे नकाशे काढायची. आम्ही पिंपळनेरच्या. तिथून ती धुळ्याला आय.टी.आय.ला गेली आणि ड्राफ्ट्समन होऊन बाहेर पडली. आधी मोठ्या फळीवर, शाईच्या पेनानं, पुढे कॉम्प्युटरवर. धुळ्यातल्या देवपूरच्या घरातली पुढची खोली म्हणजे तिचं ऑफिस. इंजिनिअर कच्चं रेखाटन पाठवायचे, अक्का त्यात भिंती, जिने, कॉलम, मापं भरायची. वाकडं काही तिला सोसायचंच नाही. माझ्याकडे आली की चहाच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायची, आणि आमच्या स्वैपाकघराची चौकट बोटभर कललेली आहे हे तिनं माझ्या सासूबाईंना तोंडावर सांगितलं होतं.

म्हणून तिचा पहिला फोन आला तेव्हा मला हसूच आलं. "स्क्रीन बिघडलीय. मधोमध रेघेला लाट येते." वायर बदलून झाली. दुरुस्तीवाला स्क्रीन चांगली आहे म्हणाला, तर त्याच्यावरच चिडली. काही दिवसांनी म्हणाली, "जळगावला येते. तुझ्याबरोबर जाऊन नवी घेऊ." धुळ्यात काय स्क्रीन मिळत नाहीत, असं मी विचारलं. "इथल्या दुकानांत इंजिनिअरांची ये-जा असते, सुलू. मी नाक टेकवून बघते हे कुणाला दिसायला नको..." मी तिला लगेच ये म्हटलं.

सलीमभाईंचं दुकान आमच्या ओळखीचं. अक्कानं पेन ड्राइव्हवर स्वतःचा एक नकाशा आणला होता. तोच लावून बघायचा हट्ट. पहिली स्क्रीन चकचकीत होती, तिच्यात रेघांआधी दुकानातली ट्यूबलाइट दिसायची. दुसरीवर सगळं इतकं बारीक, की आकड्यांच्या मुंग्या झालेल्या. तिसरी चांगली ऐसपैस होती. पण तिन्हींवरही मधली भिंत वाकत होती. "भाई, तुमच्या सगळ्याच खराब निघाल्या," अक्का म्हणाली. "ताई, ही आत्ता तुमच्यासमोर खोक्यातून काढली," सलीमभाई म्हणाले. तिनं पर्समधून स्टीलची पट्टी काढली आणि त्यांना दाखवायला म्हणून रेघेवर धरली. मग पट्टी उचलली, पुन्हा धरली. आई गेल्यापासून आम्ही दोघी एकमेकींशी अहिराणी बोलत नव्हतो, पण त्या दिवशी तिच्या तोंडून तीच आली. "सुलू, पट्टीबी वाकडी दिसी ऱ्हायनी वं..."

सलीमभाईंनी गपचूप स्क्रीन बंद केली आणि तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. "स्क्रीन कुठं पळून जात नाही, ताई. आधी डोळे दाखवा."

डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, अगदी मध्यभागी सूज होती. डाव्या डोळ्यात जास्त, उजव्यात सुरुवात. थेट डोळ्यात इंजेक्शनं घ्यायची होती. पहिल्या वेळी तिनं माझा हात इतका आवळला, की माझ्याच बांगड्यांचे वळ मनगटावर उठले. पण खरी भीती तिला सुईची नव्हती. "कुणाच्या तरी जिन्याच्या मापात माझ्या या डोळ्याची चूक गेली असेल," असं ती पुन्हा पुन्हा म्हणायची. घरी आल्यावर दाजी एकेका रेखाटनावरची मापं मोठ्यानं वाचायचे आणि ती आपले नकाशे तपासायची. एका घरात तिनाचा आठ झाला होता, कॉलमच्या अंतरात. पाया अजून खणलेला नव्हता, म्हणून निभावलं. त्याच दुपारी तिनं सगळ्या इंजिनिअरांना स्वतः फोन करून डोळ्यांचं सांगून टाकलं. काहींचं काम हळूहळू बंद झालं. एक इंजिनिअर बाई मात्र म्हणाल्या, "आकडे मी तपासते, रेघा तुम्हीच काढा." त्या एका वाक्यावर अक्का पुढे जगली, असं मला वाटतं.

सूज उतरल्यावर आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. लाट ओसरली होती, पुसट डाग राहिला होता. तिनं न चकाकणारी, मध्यम आकाराची स्क्रीन निवडली आणि डोळ्यांजवळ ओढता येईल असा लोखंडी हात तिला जोडून घेतला. सलीमभाई म्हणाले, "अजून मोठी घ्या ना, ताई." "मोठीवर मान फिरवावी लागते," ती म्हणाली, "आणि मान फिरवली की डागही बरोबर फिरतो." काळ्या पार्श्वभूमीवर जाड पिवळ्या रेघा ठेवून ती पुन्हा घरं काढायला लागली. जमत होतं. धास्ती मात्र गेली नाही. सूज केव्हाही परत येऊ शकते, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. सख्ख्या बहिणीनंही डोळे तपासून घ्यावेत, असंही ते म्हणाले होते... मी अजून गेलेले नाही.

दिवसकार्यासाठी मी देवपूरला राहिले तेव्हा दाजींनी मला सांगितलं, की रोज उठल्यावर अक्का स्वैपाकघराच्या खिडकीपुढे उभी राहायची. एक डोळा तळहातानं झाकून खिडकीच्या गजांकडे बघायची, मग दुसरा. तोवर घरात कुणी बोलायचं नाही. दाजी दारात थांबलेले असायचे. ती "सरळ" म्हणाली, की ते गॅस पेटवायचे.

निघायच्या दिवशी सकाळी मी त्या खिडकीपाशी गेले. डावा डोळा झाकला. गजांमागे शेजारच्यांची तुळस, वाळत घातलेला टॉवेल... मागून दाजींचा अगदी हळू आवाज आला, "सरळ?"

"सरळ," मी म्हणाले.

ते चहा ठेवायला वळले. दुसरा डोळा मी अजून झाकला नव्हता.