तळ्यातल्या दोन शेंड्या

सकाळी साडेसातपर्यंत माझी अब्रू शाबूत होती. पावणेआठला ती चितेगावच्या तळ्यात बुडाली. कशी, ते सांगते; पण हसण्याआधी हातातला चहा खाली ठेवा.

थंडी सरत आली की आम्ही गोधड्या धुवायला तळ्यावर जातो. मी आणि शेजारच्या शमीमभाभी. सोबत माझी चार वर्षांची आरू. निघताना तिला दोन शेंड्या घट्ट बांधल्या, लांबून ओळखू यावी म्हणून. काठावरच्या दगडावर बसवलं, हलू नको म्हणून बजावलं. गोधडी आपटून वर बघते, तर दगड रिकामा.

हाक मारली. ओ नाय. परत मारली. काहीच नाय. आणि तळ्यात, धुक्यातून, एक डोकं वर आलं. गोरा चेहरा, वर काळंभोर, आणि दोन शेंड्या! दिसलं न दिसलं, गडप.

आता तुम्हीच सांगा, आईनं काय करायचं? मला पोहता येत नाय. पण गोधडी होती ना. एक टोक हाताला गुंडाळलं नि घुसले.

"अगे ठैर, उधर कीचड है," भाभी मागून म्हणाल्या.

"असू दे. पोरीला घेऊनच येणार."

पाणी कमरेला लागलं. गोधडीचं दुसरं टोक फेकलं. "धर, आरू, धर!" आरू खाली गेली ती पार पलीकडं निघाली. मीही चिखल तुडवत तिकडं वळले. एवढीशी पोर इतका वेळ श्वास कसा कोंडते, हे डोक्यातच आलं नाय. उलट वाटलं, लई हट्टी, माझ्यावरच गेलीय.

तेवढ्यात काठावरच्या बाभळीमागं एक माणूस दिसला. पुढ्यात लांब नळीचा कॅमेरा. मदतीला बोलावलं, तर त्यानं ओठावर बोट ठेवलं. बघा की, पोर बुडतीय नि हा म्हणतो गप! मग मी त्याचा असा उद्धार केला, की अख्खं तळं दणाणलं.

आणि आरूनं पंख पसरले. पाण्यावरनं धावत गेली आणि उडाली.

खरी आरू बाभळीमागनं बाहेर आली. तोंडात बिस्कीट.

"आई, काका म्हणले आवाज करायचा नाय. म्हणून ओ दिली नाय."

भाभींनी मला त्याच गोधडीनं ओढून काढलं. तो माणूस कपाळाला हात लावून बसला होता. आपल्या नेहमीच्या मुठीएवढ्या पाणडुबी पक्ष्याची ही थोरली बहीण म्हणे, डोक्यावर शेंड्यांसारखे दोन तुरेवाली. आपल्याकडच्या तळ्यांवर एखाद्याच हिवाळ्यात दिसते. तिच्यासाठी तो कितीतरी दिवस पहाटेपासून बसत होता.

"दादा, फोटो मिळाला का?" मी हळूच विचारलं.

"मिळाला ताई. पण त्यात पाणडुबीपेक्षा तुम्हीच जास्त दिसताय."

दादा नुसत्या तिच्या फोटोसाठी अजून तळी पालथी घालतायत. तुमच्या तळ्यावर ती दिसली तर एकमेकांना सांगत निरोप त्यांच्यापर्यंत पोचवा. फक्त तो आमच्या घरावरनं नेऊ नका. ऐकलं की मी बघायला येणार, नि ती परत बुडताना दिसली, तर मी परत घुसणार आहे.