ओढ्याकाठचा शीळकरी

माझं माहेर जतकडचं, मेंढपाळांचं. लग्न होऊन महाबळेश्वरला आले तोवर धुकं मी नीट पाहिलंही नव्हतं. नवरा टॅक्सी चालवतो. भर पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं. टॅक्सी दारात उभी, घराला चहूबाजूंनी प्लास्टिकचे कागद बांधलेले. त्या आषाढात रोज पहाटे परसामागं कुणीतरी शीळ घालायचं. सावकाश, चाल विसरल्यासारखी, मधेच तोडून. चार दिवसांनी मी नवऱ्याला सांगितलं, एक माणूस रोज येतो. त्यानं छत्री घेतली आणि मला ओढ्यापाशी घेऊन गेला. ओल्या दगडावर एक काळं पाखरू बसलं होतं. ते वळलं तसा खांद्यावर गडद निळा रंग चमकून गेला. शीळकरी कस्तूर म्हणतात याला, नवऱ्यानं सांगितलं.

मला आप्पा आठवले, माझे वडील. माळावर पांगलेली मेंढरं ते अशीच शीळ घालून वळवायचे. दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोन लावला आणि तो खिडकीबाहेर धरला. आप्पांनी बराच वेळ ऐकलं.

"कुनाची मेंढरं हायती गं तिकडं?"

पाखरू आहे म्हटलं तर पटेना. येऊनच बघतो म्हणाले.

पण मेंढरं टाकून यायचं कसं? दरसाल ते पुढच्या सालावर जायचं. अशी अकरा वर्षं गेली. गुडघे थकले तेव्हा भावानं मेंढरं विकली, आणि गेल्या श्रावणात आप्पा एसटीनं आले. त्यांचे कान पार गेलेत, हे मला ते दारात आल्यावर कळलं. अलीकडं फोनवर भाऊच बोलायचा, त्यानं सांगितलं नव्हतं.

पहाटे त्यांना ओढ्यावर नेलं. पाखरू दगडावरच होतं. "लय देखनं हाय," आप्पा म्हणाले. मग त्यानं शीळ घातली. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"कवा घालतंय शीळ?"

बाईमाणसानं शीळ घालू नये म्हणतात, मी कधी घातलीही नव्हती. तरी त्यांच्या कानाशी वाकले आणि तो तुटका सूर जमेल तसा घातला. निम्मा वाराच निघाला. आप्पांनी डोळे मिटले.

"आनि एकदा," म्हणाले.

आठ दिवस राहिले. रोज माझ्याआधी उठून, घोंगडं पांघरून पायरीवर बसलेले असायचे.

यंदाचा आषाढ लागलाय. जतला अजून टँकर चालू आहेत, भाऊ सांगतो. आप्पा आता फोन घेत नाहीत. भावाच्या शेजारी बसून विचारायला लावतात, ओढ्याला पाणी किती आलं. गुडघाभर, मी सांगते. भाऊ ते ओरडून त्यांच्या कानात घालतो, आणि पलीकडून मला त्यांचं नुसतं "व्हय, व्हय" ऐकू येतं.