दगडाआधी वळणारं मूळ

विद्यापीठाच्या त्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जिना संपला की डाव्या हाताला एक भिंत लागते. संशोधन गटातल्या मुलामुलींनी मिळवलेल्या फेलोशिपा आणि पुरस्कार तिथे फ्रेमा करून टांगलेले आहेत. कुणी पाहुणा आला की गटाचे प्रमुख सर त्याला आधी ती भिंत दाखवतात आणि मग खुर्ची देतात. एकेका फ्रेमेत एकेक हसरा चेहरा, हातात प्रमाणपत्र, अंगात त्या दिवसापुरता घातलेला कोट. हे सगळे चेहरे मुलाखतीला तयार केले ताईने, आणि ताईचा चेहरा तेवढा त्या भिंतीवर नाही. यात कुणाचा कावा असता तर बरं झालं असतं. चोराला चोर म्हणून माणूस मोकळा होतो. इथे सगळेच सज्जन होते, आणि सज्जनांशी भांडायचं तरी कसं?

ताई म्हणजे गटातली सगळ्यात जुनी संशोधक. पीएच. डी. इथेच झाली, नंतरही इथेच राहिली. नेमणूक दर वर्षी वाढवून मिळायची. ताई हे नाव पहिल्या कुठल्या तरी बॅचने ठेवलं आणि ते असं चिकटलं की तिच्याहून वयाने मोठे असलेले सरही तिला ताईच म्हणायचे. घरी नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत, मुलगी दहावीत, आणि सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना बंद. नवरा दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींत लोकांना वर चढवायची सोय करतो आणि त्याची आई चौथ्या मजल्यावर अडकलेली, यावर घरात विनोद व्हायचा. अलीकडे तोही कुणी करत नव्हतं.

गटाचं काम होतं झाडांच्या मुळांवर. दोन काचांमध्ये मातीचा पातळ थर, त्यात एक बी, आणि वाटेत एक छोटा दगड. मूळ खाली येतं, दगडाला अडतं, वळसा घालतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ताईच्या काचांमध्ये दिसलं ते वेगळंच. तिच्याकडची काही मुळं दगडाला टेकायच्या आधीच वळत होती. ती लांबूनच बाजूला व्हायची, समोरून येणारा माणूस ओळखीचा निघाला की आपण रस्ता बदलतो तशी. कुणाचा विश्वास बसेना. ताईने पुन्हा लावलं, माती बदलली, दगडाच्या जागी काचेचा मणी ठेवला, अंधारात ठेवून पाहिलं. मूळ वळतच होतं. त्या वळणाचा एक फोटो तिने काढला. पांढरं टोक, काळा दगड, आणि मधे बोटाच्या पेराएवढी मोकळी माती. बघणाऱ्याला एका नजरेत सगळं कळायचं. फोटो कसला, लग्नाचं स्थळच होतं ते, कुणालाही पसंत पडेल असं.

आता या गटाची एक रीत होती. ज्या वर्षी ज्याचा फेलोशिपला अर्ज करायचा नंबर, त्याच्या अर्जात गटाचं सगळ्यात चांगलं काम पुढे मांडायचं. "गट म्हणजे घर. घरात एकच चांगली साडी असली तर ज्या लेकीला बघायला येणार तिने नेसायची," असं सर म्हणायचे. ऐकायला गोड वाटायचं. लेकी बदलत गेल्या, साडी मात्र तीच राहिली. आणि ती ताईची होती.

पहिल्यांदा फोटो मागितला लांब्याने. पोरगा उंचीने दरवाज्याएवढा आणि मनाने कोकरासारखा. त्याची फेलोशिपची शेवटची संधी होती, घरी वडील अंथरुणावर होते. "ताई, तो फोटो अर्जात घेऊ का?" असं त्याने इतकं चाचरत विचारलं की ताईलाच कसंतरी झालं. "घे की, त्यात विचारायचं काय?" ती म्हणाली. वर त्याला मुलाखतीसाठी बसवून तयारही केलं. ती परीक्षक व्हायची, चष्मा नाकावर ओढून वाकडे प्रश्न विचारायची, आणि तो अडखळला की उत्तर कसं द्यायचं ते समजावून सांगायची. मूळ लांबून कसं वळतं हे त्याला तिने इतकं पाठ करून घेतलं की शेवटी त्याला ते आपणच पाहिल्यासारखं वाटायला लागलं. फेलोशिप मिळाली. भिंतीवर फ्रेम लागली. आनंद ताईला खराच झाला होता, तो खोटा म्हणून आता उगाच तिच्यावर अन्याय करायला नको.

मग पुढच्या वर्षी आणखी एकाने विचारलं, त्यानंतर आणखी एकीने. प्रत्येकाने विचारलं, प्रत्येकाला ती "घे की" म्हणाली. तिचं स्वतःचं काय, असं नवऱ्याने एकदा जेवताना काढलं होतं. "वाढणाऱ्याने शेवटी बसायचं असतं," ती म्हणाली. "बस, पण भांड्यात काही उरलंय का ते बघून ठेव," तो म्हणाला आणि उठून हात धुवायला गेला. तिला त्याचा राग आला. लिफ्टवाल्याला संशोधनातलं काय कळतं, असंही मनात आलं, आणि तसं मनात आल्याची लाज वाटून तिने त्याच्यासाठी दूध गरम केलं.

यंदा मात्र तिला बसावंच लागणार होतं. विद्यापीठाने नियम बदलला. वर्षावर्षाच्या नेमणुका बंद. ज्याची स्वतःची फेलोशिप असेल त्याने राहावं, नसेल त्याने या वर्षअखेर निघावं. वरिष्ठ संशोधकांसाठी एक मोठी फेलोशिप होती, पाच वर्षांची. तिला वयाची अट होती, आणि त्या अटीत बसायचं ताईचं हे शेवटचं वर्ष. मिळाली तर मुळांची खोली, काचा, पुढचं सगळं काम तिचं. नाही मिळाली तर या वयात दारोदार अर्ज घेऊन फिरायचं. सरांनी अर्जावर भरभरून लिहिलं. अर्जात अर्थात तोच फोटो होता. दुसरा कुठून आणणार? तिचं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम तेच होतं.

मुलाखतीला बोलावणं आलं तेव्हा गटात सगळे म्हणाले, "ताईंना कोण काय विचारणार? ताईच सगळ्यांना शिकवतात." तिची तयारी कुणी करून घेतली नाही. कुणाला ते सुचलंच नाही, आणि मागून घ्यायची तिला सवय नव्हती.

खोली लांबट होती. टेबलाच्या पलीकडे पाच माणसं, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली आणि अर्जांचा गठ्ठा. ताई वीस मिनिटं छान बोलली. आवाज कापला नाही. फोटो पडद्यावर आला तेव्हा मात्र टेबलापलीकडच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मधोमध बसलेल्या वयस्कर बाई हसल्या. वाईट नव्हत्या त्या, हसूही कुत्सित नव्हतं.

"हे मूळ आमच्या ओळखीचं आहे," बाई म्हणाल्या. "यावर आम्ही तीन जणांना दिलंय. तिघेही तुमच्याच गटातले. छान काम आहे, प्रश्नच नाही. यातलं तुमचं कोणतं?"

"सगळं," ताई म्हणाली.

खरं होतं ते. पण त्या खोलीत ते उत्तर असं काही ऐकू आलं की तिलाच आपण हावरट वाटलो. उजवीकडच्या गृहस्थांनी पेन खाली ठेवलं.

"सगळं तुमचं. बरं. मग त्या तिघांनी काय केलं?"

ताईने तोंड उघडलं आणि तिथेच थांबली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य उच्चारलं की लांब्याची फेलोशिप, तिच्यावर मिळालेली नोकरी, नुकतंच मांडलेलं त्याचं बिऱ्हाड, आणि बाकीच्या दोघांचं जे काय असेल ते सगळं या टेबलावर येणार होतं. शिवाय उद्या कुणी तिलाच विचारलं असतं, बाई, तुम्ही तेव्हा कुठे होतात? तेव्हा ती समोर बसून त्यांना उत्तरं पढवत होती.

"तेही होते," ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली आणि पान उलटलं. पुढचे प्रश्न त्यांनी सभ्यपणे विचारले, म्हातारीला रस्ता ओलांडून द्यावा तसे. कोणी तिला खोटारडी म्हटलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर फक्त एवढंच होतं की ज्येष्ठ बाई आहेत, बऱ्या आहेत, शेवटच्या वर्षी पोरांच्या कामावर नाव लावून बघतायत. इतकी वर्षं काचेत डोळे घालून बसली ती, आणि शेवटी आयत्या बिळावरचा नागोबा ठरली.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "झालं का गं मनासारखं?" "झालं," ती म्हणाली आणि कपडे न बदलता पलंगाच्या कडेला बसून राहिली. मुलीने पाणी आणून दिलं, काही विचारलं नाही. दहावीतली पोरं आपल्याला वाटतात त्यापेक्षा शहाणी असतात. नवरा आला, त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला. त्या घरात सांत्वन असंच व्हायचं.

निकाल आला तेव्हा यादीत तिचं नाव नव्हतं. सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि मान खाली घालून म्हणाले, "ताई, मला फार वाईट वाटतं. समितीला कामाची पारख नाही."

"पारख आहे सर. तीन वेळा केली ना त्यांनी."

सरांनी टेबलावरचे कागद उगाच सरळ केले. तेही थकलेले दिसत होते. गट चालवायचा म्हणजे दर वर्षी कुणाला तरी कुठे तरी लावून द्यायचं, मुलींच्या बापासारखं, आणि त्यात एक लेक घरातच राहून गेली हे त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही कुणास ठाऊक. शेवटी म्हणाले, "निरोपाच्या दिवशी भिंतीवर तुमचाही एक फोटो लावू. गटाचा आधार म्हणून."

"आधार कशाला लावता, भिंत पडायला आलीय का?" ताई म्हणाली. सर हसले. तिने हसवण्यासाठी म्हटलं नव्हतं, पण हसले ते बरं झालं, तिला उठून बाहेर येता आलं.

पुढचे दिवस तिने खोली आवरण्यात घालवले. काचा पुसल्या, जुनी माती फेकली, सुकलेली रोपं बाजूला काढली. अंगात बळ नव्हतं. रडू येईल असं वाटायचं, तेही यायचं नाही. आयुष्यभर कष्ट केलेल्या माणसाला दमलो म्हणायलाही कारण लागतं, आणि आता तिच्यापाशी कारण होतं, तर ते ऐकायला कोणाला वेळ नव्हता. गटात पुढच्या अर्जाची गडबड सुरू झाली होती.

यंदाचा नंबर धाकटीचा. गटातली सगळ्यात लहान, हुशार, मनाची निर्मळ, बोलायला लागली की थांबायची नाही. ती लॅपटॉप छातीशी धरून दारात आली. आधी ताईच्या निकालाबद्दल वाईट वाटल्याचं बोलली, आणि तिला खरंच वाटलं होतं, डोळे भरले होते. मग जरा थांबून म्हणाली, "ताई, अर्ज परवा द्यायचाय. तो मुळाचा फोटो पहिल्या पानावर घेऊ ना?"

विचारलं ते रीत म्हणून. उत्तर तिला ठाऊक होतं, सगळ्यांनाच ठाऊक होतं. फोटो पानावर लावूनच ती आली होती, उघड्या स्क्रीनवर तो दिसत होता.

ताईच्या हातात ओलं फडकं होतं. "घे की" हे शब्द जिभेवर आले सुद्धा.

"नको," ती म्हणाली.

धाकटीला वाटलं ताईंचं लक्ष नाही. "म्हणजे दुसरा आहे का त्याहून चांगला?"

"नाही. दुसरा नाही. तोच नको घेऊस. तो माझा आहे."

आता काहीतरी होणार असं ताईला वाटलं. पोरगी रडेल, सरांकडे जाईल, गटाची रीत मोडली म्हणून सगळे तोंड फिरवतील. इतक्या वर्षांची तिची सगळी भीती त्या दारात येऊन उभी राहिली. तिने फडकं घट्ट धरलं.

"बरं," धाकटी म्हणाली. "मग मी माझ्या मक्याच्या मुळांचा टाकते. तो थोडा अस्पष्ट आहे, पण चालेल. तुम्ही संध्याकाळी बघाल ना एकदा?" तिने तिथेच उभ्याउभ्या फोटो काढून टाकला, लॅपटॉप मिटला आणि गेली. राग नाही, रुसवा नाही.

ताई स्टुलावर बसली. लांब्याही असंच "बरं" म्हणाला असता. त्याच्यानंतरचे दोघेही म्हणाले असते. कुणी तिच्याकडून काही हिसकावलं नव्हतं. प्रत्येकाने दारात उभं राहून विचारलं होतं, आणि प्रत्येक वेळी तिने फक्त "नको" म्हणायचा अवकाश होता. मुलाखतीच्या टेबलावर आलं नव्हतं, निकालाच्या दिवशी आलं नव्हतं, ते रडू तिला आत्ता आलं.