बनुबाईंची बंद खिडक्यांची खोली

तुमच्या गल्लीत एखादी बाई आली आणि म्हणाली, "पोरी माझ्याकडं पाठवा, चित्रं शिकवते, नाटक शिकवते, एक पैसा नको," तर तुम्ही पोरगी पाठवाल का? खरं सांगा. मी नाही पाठवणार. आधी त्या बाईचं सगळं उकरून काढीन, मग बघीन.

माझं शिक्षण शाळेत कमी आणि मोर्च्यात, पोलीस ठाण्याच्या बाकावर जास्त झालंय. फुकट म्हटलं की माझे कान टवकारतात. सांगलीत विश्रामबागेकडं असाच एक फुकट मेंदीचा वर्ग निघाला होता. पोरी हातावर मेंदी काढायच्या आणि वर्ग चालवणारी बया त्यांचे फोटो लग्न जुळवणाऱ्या दलालांना धाडायची. आपल्याकडं उसाची जमीन असलेल्या घरात तिशी उलटलेली पोरं बसून आहेत, मुलगी मिळत नाही. तिथं अशा फोटोंना गिऱ्हाईक तयार असतं. तो वर्ग मी बंद पाडला.

म्हणून पलूसहून कुणीतरी कळवलं की तालमीशेजारच्या खोलीत एक बाई पोरी गोळा करते, खिडक्या लावून घेते आणि मोबाईल दाराबाहेर ठेवायला लावते, तेव्हा मी लगेच एसटी धरली.

दारात एक घमेलं होतं, त्यात मोबाईल. मी माझा ठेवला नाही. आतून आवाज आला, "ताई, फोन घमेल्यात. कलेक्टर आला तरी घमेल्यात."

या बनुबाई. पन्नाशी कधीच ओलांडलेली, उंच, पाठ अशी ताठ की भिंतीला टेकून उभ्या आहेत असं वाटावं. नवरा सुभेदार. त्याच्याबरोबर जबलपूर, पठाणकोट, कुठं कुठं छावण्यांत संसार केला. तिथं जवानांच्या बायकांचे कार्यक्रम व्हायचे, त्यात या नाटकात उभ्या राहायला आणि कागदाच्या लगद्याचे मुखवटे करायला शिकल्या. सुभेदार रिटायर झाले, ऊस बघायला लागले. बनुबाईंनी तालीम मंडळाची रिकामी खोली मागितली आणि पोरी जमवल्या. द्राक्षांची जुनी खोकी, रद्दी आणि कणकेची खळ, एवढ्यावर सगळं चालायचं.

मी सरळ विचारलं, "यात तुमचं काय?"

"हौस."

"नुसती हौस?"

"का? पुरुषाला बैल पळवायची हौस असली तर चालती, मला मुखवट्यांची असू ने व्हय?"

उत्तर मला पटलं नाही. "खिडक्या का लावता?" म्हटलं, तर म्हणाल्या, "वारं लागतं. लगदा उकलतो." हे तर साफ खोटं. वारं लागल्याशिवाय लगदा वाळेल कसा? मी मनात खूण करून ठेवली: बाई लपवतेय.

मी पुन्हा पुन्हा जात राहिले. कधी न सांगता. पोरी जमिनीवर फतकल मारून बसलेल्या, कोपरापर्यंत खळीत बुडालेल्या. त्यात राजनंदिनी नावाची एक होती. बारावी झालेली, अठरा नुकतीच पूर्ण, म्हणजे कायद्यानं अडवायचं म्हटलं तरी बोट ठेवायला जागा नाही. बाप मानसिंग, ऊसवाला, स्वभावानं वाईट नाही पण भावकीच्या तोंडाला घाबरणारा. पोरीला सांगलीला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. बाप म्हणायचा, "चांगलं स्थळ आलं तर बघू." आपल्याकडं या "बघू"चा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको.

पोरींनी स्वतःच नाटक रचलं होतं. उसात बिबट्याची मादी व्यालेली, तोडणी जवळ आलेली, ती पिल्लं घेऊन कुठं जाणार. बोलणं नाही, नुसता हलगीचा ठेका आणि मुखवटे. बिबट्याचा मुखवटा राजनंदिनीनं केलेला. डोळ्यांभोवतीच्या काळ्या रेघा तिनं अशा ओढल्या होत्या की ती नजर सोसेना, मी मान वळवली. मला तसं सहसा होत नाही.

"तोंड झाकून कसलं नाटक?" मी बनुबाईंना टोचलं. "पोरी पुढं याव्यात म्हणता आणि तोंडं लपवता?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. आधीच्या वर्षी मुखवट्याशिवाय नाटक केलं. खिडक्या उघड्या, मोबाईल मोकळे. नाटक संपल्यावर एकाही बाईनं नाटकाबद्दल विचारलं नाही. पोरींना घेरून विचारत होत्या, "मामाचं गाव कंचं गं तुझं?" मामाचं गाव विचारलं की पुढचं सगळं ठरलेलं असतं. सई नावाच्या पोरीचा नाटकातला फोटो गावोगाव फिरला आणि उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. "मी नाटक बसवलं का दाखवण्याचा कार्यक्रम, मलाच कळंना," बनुबाई म्हणाल्या.

मी ऐकून घेतलं. विश्वास? अर्धा. मेंदीवाली पण गोड बोलायची.

प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळी खोली गच्च भरली. दाराशी मंडळाचे अध्यक्ष नानासो उभे, सोबत कऱ्हाडकडची एक बाई, भरजरी साडी, हातात पेढ्यांचा पुडा. नाटकाला पेढे? मी चप्पल शोधायचं निमित्त करून जवळ सरकले.

नानासो म्हणत होते, "वहिनी, बिबट्याच्या मुखवट्यातली आपली पोरगी. मानसिंगाला सांगून ठेवलंय. नाटक झालं की तितंच कुंकू लावा. चार लोकांत बाप न्हाई म्हनत नसतोय."

"उंचीला कशी हाय? आमचा वीरधवल सहा फूट हाय."

"बघा की डोळ्यांनी."

माझं डोकं सणकलं. पण बनुबाई यात सामील असल्या तर? खोली नानासोंच्या मंडळाची. खोलीच्या बदल्यात पोरगी, असा सौदा मी याआधी बघितलाय. म्हटलं, बाईची परीक्षाच घेऊ. पडद्यामागं गेले आणि ऐकलेलं सगळं सांगितलं. डोळे त्यांच्या तोंडावर रोखून.

तोंडावरची रेघ हलली नाही. "बघते," म्हणाल्या आणि पोरींकडं वळल्या.

बघते म्हणजे काय? माझा संशय दुप्पट झाला. मानसिंग पुढच्या ओळीत बसला होता, मान खाली. मी त्याच्या मागं जागा धरली. कुंकवाचं बोट पुढं आलं तर हात धरायचा, मग होऊ दे काय व्हायचं ते.

हलगी वाजली. हिरव्या चादरी पांघरून, हिरवे मुखवटे लावून पोरी ऊस होऊन उभ्या राहिल्या. मग बिबट्या आला. गोणपाटावर ठिपके काढलेला झगा डोक्यापासून पायापर्यंत. ताठ, सावकाश, एकेक पाऊल तोलून. कऱ्हाडची बाई शेजारणीला म्हणाली, "चाल बघा की वो. लय ठसका हाय. घराणं कळतंय." पिल्लांना घेऊन बिबट्या उसातून बाहेर पडला, तेव्हा तिनं डोळेसुद्धा पुसले.

टाळ्या झाल्या. बाई उठली, करंडा काढला, थेट बिबट्यासमोर. "बाळा, मुखवटा काढ गं. लाजू नगंस."

मी उठले. तोवर बिबट्यानं मुखवटा वर केला होता.

आत बनुबाई. कपाळावर घाम, पांढऱ्या बटा गालाला चिकटलेल्या. "लावा कुंकू," म्हणाल्या, "पन सुभेदारांना इचारून घ्या. तितंच बसलेत."

सुभेदार मागून ओरडले, "घेऊन जावा की! सैपाक मात्र तिला येत न्हाई!"

खोली हसून फुटली. मलाही हसू आवरलं नाही. कऱ्हाडची बाई मात्र लालबुंद. "चेष्टा करताय व्हय आमची? नानासो, खरी पोरगी कुटंय? हितं उभी करा. चालून दाखवू द्या सगळ्यांसमोर."

हसू बंद झालं. उसातला एक हिरवा मुखवटा पुढं आला. राजनंदिनी. हाताची घडी घालून उभी राहिली. चालली नाही.

"मुखवटा काढाया सांगा तिला," बाई मानसिंगला म्हणाली.

मानसिंगनं पहिल्यांदा मान वर केली. लेकीकडं बघत राहिला. तिचा मुखवटा जागचा हलेना. मी मागून त्याची मान बघत होते आणि मनात म्हणत होते, हा आता वाकणार, वाकणारच.

"तिला वाटलं तर काढंल," मानसिंग म्हणाला. "बाजारात आणलेली न्हाई पोरगी, चालवून बघाया. पाव्हणं, चा घ्या आन निघा."

सगळे गेल्यावर राजनंदिनी बनुबाईंवर खवळली. "माझा बिबट्या तुमी का घेतला? वरीसभर राबले त्याच्यावर!" बनुबाईंनी झगा उतरवून तिच्या हातात दिला. पोरीनं तो रागानं छातीशी धरला आणि मग मोठ्यानं रडली. तिचं बरोबर होतं. तिचं पहिलं नाटक पाहुण्यांनी खाल्लं.

दुसऱ्या दिवशी नानासोंनी खोलीला कुलूप घातलं. "मंडळाची अब्रू घालवली," म्हणे. मी त्यांच्याशी भांडले, तालमीतली पोरं कुस्ती सोडून ऐकायला आली इतकं भांडले. कुलूप निघालं नाही.

मानसिंग बनुबाईंच्या घरी आला, उंबऱ्यावरच बसला. "बाई, तुमचं चालू हाय तवर मला सांगाया तोंड हाय, की पोरगी शिकतीया. बंद पडलं की भावकी म्हननार, घरात बसवून काय करतोस? तवा मी किती टिकंन, मलाच ठावं न्हाई."

माणूस खरं बोलला. त्याच्यावर रागवायचं मला जमलं नाही.

आता पोरी बनुबाईंच्या अंगणात बसतात. अंगण रस्त्याला लागून. मोटारसायकली मुद्दाम हळू होतात, मोबाईल वर होतात. निम्म्या पोरी यायच्या थांबल्या. राजनंदिनी येते, रस्त्याकडं पाठ करून बसते. सांगलीच्या कॉलेजचे प्रवेश सुरू व्हायला अजून अवकाश आहे. तोवर हे चालू राहायला हवं.

तर आता तुमच्याशी बोलते. पलूसच्या आसपास तुमचं द्राक्षाचं रिकामं शेड असेल, बंद पडलेलं दुकान असेल, घराची मागची खोली असेल, जिचं दार आतून लागतं, तर ती या पोरींना द्या. उद्घाटन नको, पाटी नको, घरातल्या लग्नाच्या पोराचं नाव काढायचं नाही. तुमचीही चौकशी मी करणार आहे, राग मानू नका. पण दार उघडून द्या, आणि जरा लवकर द्या.