आतून कापलेलं कापड

त्यांचं खरं नाव कारखान्यात कोणी घेत नसे. कोणी काही सांगू लागलं की ते आधी 'पण' म्हणत, म्हणून सगळ्यांचे ते पणकाका. भूकंपात, पुरात घर गेलेल्यांसाठी घडीचे तंबू बेतायचे हे त्यांचं काम. पाठीवर नेता यावा, दोघांनी दहा मिनिटांत उभा करावा असा तंबू. प्रत्येक पाइप ते वाकवून बघत, प्रत्येक झिप शंभरदा ओढत, बाहेरून नळीने पाण्याचा मारा करून शिवणीवर बोट फिरवत. बायको म्हणायची, "देवाने यांना माणूस केलं नसतं तर कुलूप केलं असतं."

एका मोठ्या भूकंपानंतर त्यांचे तीनशे तंबू छावणीत गेले. महिन्याभरात छावणीच्या कार्यालयाने अकरा दुरुस्तीला परत पाठवले. सगळ्यांची मागची भिंत फाटलेली. फाटलेली कसली, चांगली हातभर कापलेली, तीही सरळ रेषेत.

पणकाकांनी कापड डोळ्यांशी नेलं. कापडाच्या सुलट बाजूला पाणी अडवणारा लेप असतो. तो लेप कापाच्या कडेला बाहेर उचकटला होता, म्हणजे पातं उलट्या बाजूने शिरलं होतं. आणि तपासून झालेला तंबू कारखान्यात उलटा करूनच घडी घालतात, लेप घासू नये म्हणून. घडीच्या टेबलावर कोण? मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. झालं, शंकेची पाल चुकचुकली ती गप्प बसेना.

मग त्यांना सगळीकडे पाणी मुरताना दिसू लागलं. मेहुणा फोन घेऊन बाहेर का जातो? दुसऱ्या कारखान्याने फितवला असेल का? परवा तो चहा न घेता उठला, म्हणजे मनात काहीतरी आहे. काल दोन कप प्यायला, म्हणजे लपवतोय.

शेवटी त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तूच कापलंस ना?"

"मी कशाला कापू, भाऊजी?"

"तेच तर शोधतोय."

घरी बायको रडली. "माझा भाऊ आहे हो तो. त्याच्या घरात दुसरं कमावतं कोणी नाही."

"म्हणून तर इतके दिवस गप्प बसलो. छावणीतले बाकीचे तंबू बघून येतो. तिथेही तसेच काप निघाले, तर सोमवारपासून त्याने येऊ नये."

छावणीत तसेच काप निघाले. रांगेतल्या जवळजवळ प्रत्येक तंबूला मागे फट होती. पणकाकांना आपण जिंकल्यासारखं वाटलं. एका तंबूमागे एक बाई त्या फटीला गुंड्या लावत बसली होती.

"हे असंच कापलेलं आलं ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी कापलं, आत बसून. सुरीने."

"अहो, पण पाणी शिरेल!"

"शिरू दे. दार एकच दिलंय तुम्ही." बाईने दोरा दातांनी तोडला. "आमच्या घरालाही एकच होतं. भिंत नेमकी त्यावर पडली. सासूबाई आत राहिल्या. पोरं इथे झोपेचनात. आता फटीकडे तोंड करून झोपतात."

पणकाका वाकून आत शिरले. आपलाच तंबू, पण आत ते पहिल्यांदाच बसत होते. समोर कापडाची उलट बाजू होती. टेबलावर वर येते तीच. माणसं राहतात तीही हीच, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पाइपावर संशय घेतला, झिपवर घेतला, घरच्या माणसावर घेतला. आत बसलेल्याला भीती वाटेल, एवढी एक शंका मात्र कधी आली नाही. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी मेहुणा आपली पिशवी न्यायला आला. पणकाकांनी टेबलावर नवं कापड पसरलं होतं आणि मागच्या भिंतीवर खडूने दुसरं दार आखलं होतं.

"चुकलो मी," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "तू जायचं नाहीस. हे दार तुझ्या हाताने कापलं जाऊ दे."

त्यांनी पुढे केलेल्या कात्रीकडे मेहुण्याने पाहिलं आणि हात मागे घेतले.

"राहतो मी, भाऊजी. घर चालवायचंय. पण कापा तुम्हीच."

पणकाका कापू लागले. कात्री दोनदा रेषेबाहेर गेली. मेहुणा शेजारीच उभा होता, त्याला ते दिसतही होतं, पण हात त्याने मागेच ठेवले.