चाळीसच्या आत

९ नोव्हेंबर, रविवार. गवत कापायचे नवे मशीन आणले आहे. टू-स्ट्रोक इंजिन. पेट्रोलमध्ये तेल मापून मिसळायचे, बाटली हलवायची आणि पहिल्या काही टाक्या संपेपर्यंत मशीन हळू, थांबत थांबत चालवायचे. सकाळपासून तेच करते आहे. मुदतीआधी निवृत्ती घेतल्यापासून अशा कामांना वेळ मिळतो. हा निळा धूर नाकात गेला की रहाटणीतले स्कूटरचोरीचे प्रकरण हटकून समोर उभे राहते.

तेव्हा मी सहायक पोलीस निरीक्षक होते. एका सकाळी सत्तरीचे गृहस्थ ठाण्यात आले. गावातले जुने शेतकरी. रानात इमारती उभ्या राहिल्या तरी डोक्यावरची टोपी कायम. मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झालेले, म्हणून काळा चष्मा. अंगणातली जुनी टू-स्ट्रोक स्कूटर पहाटे नाहीशी झाली होती. ठाणे अंमलदार फिर्याद लिहून घेत होता, पण यांना घाई वेगळीच होती.

"बाई, तुमच्या त्या वायरलेसवर येवढं सांगा, ज्यानं नेली त्यानं चाळीसच्या वर पळवू नये म्हनावं."

कारण विचारले तेव्हा खुलासा झाला. सिलिंडर नुकताच बोअर करून नवा पिस्टन बसवला होता. दोघे एकमेकांना सरावेपर्यंत, म्हणजे पहिले पाचशे किलोमीटर, गाडी हळू चालवायची आणि तेल थोडे जास्त घालायचे. घाई केली की पिस्टन तापून जाम होतो. प्रत्येक बोअरला सिलिंडर आतून थोडा खरवडला जातो, आणि या सिलिंडरची ती शेवटची वेळ होती. आता जाम झाला तर थेट भंगारात.

घरात आणखी कोण, असे मी विचारले. मुले कंपनीत शिफ्टला, आणि बायको कालच माहेरी चाकणला गेलेली. "तिला गाडीतलं काय कळतंय," असे म्हणून त्यांनी तो विषय संपवला. संशय मात्र त्यांनी चटकन सांगितला: मिस्त्री.

हा मिस्त्री बीडकडचा, तिशीचा, बायकापोरांसह इथे आलेला. त्याचे दुकान यांच्याच जागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये. जादा किल्ली त्याच्याकडे राहिलेली, आणि "विकायची झाली तर मलाच द्या" असे तो कधीतरी बोलून गेलेला. एवढ्यावरून त्यांनी त्याला शेड रिकामी करायलाही सांगून टाकले होते.

गुन्हा दाखल झाला. आमच्या तपास पथकातल्या हवालदाराने रीतीप्रमाणे मिस्त्रीला भर चौकातून पोलीस गाडीत बसवून आणले. मी त्याला पहाटे कुठे होतास, किल्ली कुणाला दिलीस, हे उलटसुलट विचारले. उत्तरे सरळ होती. घाम फुटला होता, पण पोलिसांसमोर तो निरपराध माणसालाही फुटतो, त्यावर मी कधी विसंबले नाही. निघताना तो दारात घुटमळला.

"मॅडम, मला बसवून ठेवा पाहिजे तेवढं. पण नेणाऱ्यानं साधं पेट्रोल भरलं तर तिचं वाटोळं होईल बगा. आताच्या लोकायला टू-स्ट्रोकमधी तेल घालायचं असतं, हेच ठाव नाही."

आरोपी आईची शपथ घेतात, मुलांची आण घेतात, साहेबाची ओळख सांगतात. चोरलेल्या मालाच्या तब्येतीची काळजी करणारा मला तोवर भेटला नव्हता. शिवाय फिर्यादीचीही काळजी तीच होती. मी त्याला हजेरीच्या अटीवर घरी पाठवले.

तो सुटला, पण चौकाने त्याला आमच्या गाडीत बसताना पाहिले होते. पुढच्या दिवसांत मी तिथून जाता-येता पाहत होते. दुकान उघडे, हत्यारे मांडलेली, आणि समोर एकही गाडी नाही. लोक त्याच्या हातात किल्ली देऊन कामावर जात, त्यावरच त्याचे पोट. चोरीचा शिक्का बसला की ते संपले, आणि शेड गेली की गावाकडे परत जाण्याशिवाय गत्यंतर नव्हते.

मी विचार केला तो असा. अडाण्याच्या हाती ही स्कूटर पडली असती तर पिंपळे गुरवच्या पुढे गेली नसती; जाम होऊन रस्त्याच्या कडेला बेवारस सापडली असती. तशी ती कुठेच सापडली नव्हती. म्हणजे कुणीतरी तिला तेल पाजत होते. हवालदाराला मी चाकणपर्यंतचे पेट्रोल पंप धुंडाळायला सांगितले. टू-स्ट्रोकचे तेल मागणारे आता मोजकेच उरलेत, लक्षात राहतात.

चाकणच्या एका पंपावरून खबर आली. कांद्याच्या टेम्पोतून एक आजी कॅन घेऊन येतात, पेट्रोल आणि तेलाच्या पुड्या नेतात. पंपावरच्या माणसाने एकदा तेल मापात घातले, तर त्यालाच दटावले: "मापात नगं, वाईच वर घाल. नवा पिस्टन हाय."

टेम्पोचा माग काढत आम्ही कांदा मार्केटमागच्या एका वखारीत पोचलो, तेव्हा लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेल्या आजी आवारात स्कूटरवरून संथ फेऱ्या मारत होत्या. फिर्यादींची बायको. मला पाहून त्यांनी रीतसर गिअर न्यूट्रल केला आणि इंजिन बंद केले.

त्यांचे म्हणणे असे. डॉक्टरांनी महिनाभर गाडी चालवायची नाही म्हणून बजावले होते. नवरा म्हणे, इंजिन आत्ता बांधलेय, उभे ठेवता येणार नाही. ट्रकांच्या गर्दीत एका डोळ्याने पाचशे किलोमीटर पुरे करणार. कुणाचे ऐकेना. तेव्हा आदल्या दिवशी माहेरी येऊन त्यांनी भावाला पटवले आणि पहाटे त्याच्या रिकाम्या टेम्पोतून स्कूटर हलवली. नवरा विसरून गेलेली एक जुनी किल्ली त्यांच्याजवळ होतीच. गाडी चालवायला त्या लग्नाआधीच इथे भावाकडून शिकल्या होत्या, आणि सासरी आजतागायत कुणाला सांगितले नव्हते.

"पण या आवारात पाचशे किलोमीटर कसे व्हायचे?" मी विचारले.

"महिना हाय की."

चोरीची बातमी नवऱ्याने फोनवर सांगितली होती, संशयिताचे नाव मात्र गाळले होते. कारण त्या मिस्त्रीला त्या रोज दुपारी कालवण पाठवीत. ते नाव मी सांगितले.

"त्या लेकराला धरलं तुमी?" एवढेच म्हणाल्या, आणि लगेच टेम्पोत जाऊन बसल्या.

संध्याकाळी ठाण्यात सगळे समोरासमोर आले. गृहस्थांनी बायकोला आधी एकच विचारले.

"चाळीसच्या वर गेली न्हाईस न्हवं?"

"तीसच्या वर न्हाई. तुमी डोळ्यात थेंब घातलं का?"

घातले नव्हते. मग त्यांना मिस्त्रीकडे वळावे लागले. मान खाली घालून म्हणाले, "शेडचं बोललो त्ये सोडून दे, राजा." मिस्त्रीने मान हलवली आणि इंजिनच्या हेडचे नट एकदा आवळून घ्यावे लागतील, गाडी पाठवून द्या, असे सांगितले. माझ्या हवालदाराला एकाएकी खोकला आला.

गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून मी प्रकरण बंद करणारा 'क' समरीचा अहवाल न्यायालयात पाठवला. कायद्याचे काम तिथे झाले. पण या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली, ती प्रशिक्षणात कुणी सांगितली नव्हती. माणसाला आणतो आम्ही दिवसाढवळ्या चौकातून आणि सोडतो कागदावर. कागद न्यायाधीश वाचतात, चौक वाचत नाही. त्यानंतर माझ्या हाताखालच्या लोकांना माझा नियम होता: ज्या रस्त्याने माणूस आणला, त्याच रस्त्याने, तेवढ्याच लोकांदेखत त्याला परत पोचवायचे.

तो नियम मी आधी स्वतः पाळला. त्या संध्याकाळच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी गणवेश चढवला, घरची जुनी मोपेड काढली आणि ठाण्याऐवजी आधी त्या चौकात गेले. सायलेन्सर काजळीने भरून गाडी दम टाकत होती; तो उतरवून, जाळून, ठोकून साफ करायला बराच वेळ लागतो, आणि मला तेच हवे होते. कंपनीच्या बसची वाट पाहणारे सगळे बघत असताना मी किल्ली मिस्त्रीच्या हातात दिली, त्याच्या बाकड्यावर बसले, दोन चहा मागवले, आणि काम होईपर्यंत जागची हलले नाही.