गादीतून निघालेलं

“आमच्या घरची गादी तुमच्याकडं पिंजाले येते, वाचाले नाई!”

भरल्या वर्गात सर माझ्यावर ओरडले. एरवी त्यांचं बोलणं पुस्तकी. त्या दिवशी घरची भाषा तोंडात आली. मी कागद हातात धरून उभी. पहिल्या बाकावरचं कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आम्ही कारंजाचे पिंजारी. जुन्या गादीतला कापूस पिंजून ती नव्याने भरायची, हा धंदा. अम्मी खोळ उसवते, मी कापूस झटकते, अब्बा मशीन चालवतात. लोकांचा घाम, औषधं, लेकरांचं मूत, सगळं आमच्या नाकातून जातं. कॉलेजात पोरी माझ्या ओढणीवरचा कापूस दोन बोटांनी उचलून फेकायच्या. ते मी हसण्यावारी न्यायचे.

कविता मात्र मला मनापासून शिकायची होती. सर दर शनिवारी कवितेचा वर्ग घ्यायचे. मी चंद्रावर लिहिलं, प्राजक्तावर लिहिलं. प्राजक्त मी पाहिलाही नव्हता. सरांनी कागद परत दिला. म्हणाले, “उसनं आहे हे सगळं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस ते लिही.” मला राग आला नाही. खरंच बोलले होते.

पुढे सरांची आई वारली. तेरवी झाली, गावजेवण झालं, आणि म्हातारीची गादी आमच्याकडे आली. अम्मीने उसवायला घेतली तर एका कोपऱ्यात वेगळेच टाके. लाल दोऱ्याचे, वेडेवाकडे. आत लुगड्याच्या चिंधीत बांधलेले पोळीचे तुकडे. वाळून कडक झालेले. एकावर दात लागल्याची खूण होती.

अम्मी तोंडाला ओढणी लावून बसून राहिली. अब्बांनी चिंधी उचलली आणि मागच्या लिंबाखाली पुरली. कोणाला काही सांगितलं नाही.

मला ते खटकलं. आमच्या धंद्याचं एक इमान आहे. अब्बा मी लहान असल्यापासून सांगतात, “गादीतून निंगालं ते घरवाल्याचं. आपलं फक्त काम.” अंगठी निघो, नोट निघो, ते स्वतः जाऊन देऊन येतात. मग पोळी का नाही? मी ती कवितेतून परत करायला निघाले. नाव कोणाचंच घातलं नाही. वाटलं, सर रडतील. माझ्या डोक्यावर हात ठेवतील. किती खुळी होते मी.

*तुझ्या तेरवीला गाव जेवलं, आजी,*
*तुझी पोळी मात्र आमच्या घरी निघाली.*

इथवर वाचलं आणि सर उठले. गादीबद्दल ओरडले. मग म्हणाले, “फाड तो कागद. माफी माग. नाई तं या वर्गात पाय ठेवू नको.”

आई उपाशी राहते हे सरांना ठाऊक होतं की नव्हतं, मला आजही कळलेलं नाही.

गोष्ट अब्बांपर्यंत पोचली. “काहून लिवलं, बेटा? झाकली मूठ झाकलीच राहू द्याची. उद्या कोण गादी देईन आपल्याले?”

“तुमीच तं सांगतलं, निंगालं ते घरवाल्याचं.”

 अब्बांनी मशीन सुरू केली.

तो आठवडा वाईट गेला. कापूस झटकताना हात आपोआप कोपरे चाचपायचे. म्हातारीला मी कधी पाहिलं नव्हतं. तरी माझ्या पाठीमागे बसून कोणीतरी हळूहळू कोरडं चावतंय असं वाटायचं. वळून पाहायची भीती वाटायची. तिची पोळी एकदा मातीत गेली होती. कागद फाडला असता तर मीही तिला पुरलंच असतं.

शनिवारी गेले. सर म्हणाले, “बोल.” त्यांना माफी हवी होती. मी कागद उघडला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला.   या वेळी कोणी हसलं नाही. सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी पिशवी उचलून बाहेर पडले.

त्या वर्गात मी परत गेले नाही. सरांच्या घरच्या गाद्या आता दुसरीकडे जातात. त्यांच्या ओळखीच्यांनीही आमच्याकडे देणं बंद केलं. अब्बा अजून माझ्याशी मोजकंच बोलतात. म्हातारी मात्र येते. मागे बसते, कोरडं चावते. मी तिला हाकलत नाही.

ज्या गाद्या येतील त्या मी उसवीन. आत जे निघेल ते लिंबाखाली पुरणार नाही. लिहून ज्याचं त्याच्या दारात नेईन, आणि त्याच्या तोंडावर वाचीन.